पुरस्कृत अपक्ष

काकूंना शिवणयंत्र हवं होतं. तीस वर्षं त्यांचा पाय मशीनच्या पायडलवर होता. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या पोरींची परकर-पोलकी, पोरांचे शाळेचे गणवेश, लग्नातले ब्लाउज, सगळं त्यांच्या हातचं. मतदान यंत्रावर त्यांच्या नावापुढं दुसरं कुठलं चित्र शोभलं असतं? पण आणखी एका उमेदवारानं तेच चिन्ह मागितलं, चिठ्ठी टाकली गेली आणि ती त्याच्या नावाची निघाली. काकूंना कपबशी मिळाली. निवडणूक कार्यालयातून बाहेर पडल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. गंगावेशीत आल्यावर म्हणाल्या, "पोरी, कपबशी तर कपबशी. घराघरात हाय न्हवं ती."

ही २०१५ सालची गोष्ट. महापालिकेची निवडणूक होती. एकूण ८१ वॉर्ड, प्रत्येक वॉर्डाला एक नगरसेवक, मतदान १ नोव्हेंबरला. काकूंच्या अर्जात पक्षाच्या रकान्यात ‘अपक्ष’ असं होतं. आम्ही छापलेल्या पत्रकावर त्याखाली आमच्या आघाडीचं नाव आणि त्यापुढं एक शब्द होता, ‘पुरस्कृत’. या शब्दाबद्दल गेली कित्येक वर्षं माझ्या मनात काही साठत आलं आहे, ते आज लिहून काढते.

आमची आघाडी म्हणजे पेठेतली पंधरा-वीस माणसं. तालमीच्या माडीवर एक खोली, खोलीत लोखंडी कपाट, कपाटात मतदार याद्यांचे गठ्ठे. केएमटीतून, म्हणजे महापालिकेच्या बससेवेतून, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले तात्या आमचे अध्यक्ष. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, म्हणून खजिना माझ्याकडं. खजिना म्हणजे लाल बांधणीची एक लांबट चोपडी. पुढच्या बाजूनं जमाखर्च. उलटी फिरवली की मागच्या बाजूनं पेठेच्या तक्रारी, कोणत्या गल्लीतलं गटार तुंबलं, कुठला दिवा बंद आहे, कुणाच्या नळाला किती दिवस पाणी नाही. आघाडीचा स्वतःचा असा उमेदवार कधी नव्हता. पेठेनं माणूस पुढं करायचा आणि आघाडीनं त्याच्या पाठीशी राहायचं, एवढंच ठरलेलं.

पाठीशी राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते एकट्या अपक्षाला विचारावं. पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय असल्याचा दाखला, जागा राखीव असेल तर जातवैधता, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नाही याचं घोषणापत्र, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र. छाननीच्या टेबलावर एक रकाना कोरा सापडला तरी माणूस घरी जातो. पक्षाच्या उमेदवाराबरोबर वकील येतो, मागं दोन झेरॉक्सवाली पोरं येतात. अपक्ष स्वतःच उमेदवार, स्वतःच कारकून, स्वतःच हमाल. मग यादी. यादीवरचं काम हे निवडणुकीतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात खरं काम आहे. मयत नावं, दुबार नावं, लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं. पाच-सहा हजार नावांवर पेन्सिलनं खुणा करत बसायचं. शेवटी मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रात आत एजंट बसवायचे, आणि ते एजंट संध्याकाळपर्यंत जागचे हलले नाहीत पाहिजेत. हे सगळं एका कुटुंबाच्या आवाक्यात नाही. त्यामुळं चांगली माणसं उभीच राहत नाहीत, आणि राहिली तरी शेजाऱ्यांच्या दीड-दोनशे मतांत संपतात. मग सगळे म्हणतात, अपक्षाला मत म्हणजे मत वाया.

माझं म्हणणं असं, की अपक्ष एकटा असेल तर तो स्वतंत्र राहूच शकत नाही. पैसा कुणाकडून तरी येतो, माणसं कुणाकडून तरी येतात, आणि निवडून आल्यावर ती उधारी फेडावी लागते. ज्याच्यामागं गल्ली उभी आहे त्यालाच कुणाचं देणं राहत नाही. गल्लीला असं उभं करायचं तर नेमानं भेटणारी, हिशेब ठेवणारी, हरल्यावर विखरून न जाणारी काही माणसं लागतात. त्यांना पक्ष म्हणा, आघाडी म्हणा.

आघाडी हा शब्द आमच्याकडं नवा नाही. कोल्हापूरच्या महापालिकेत ताराराणी आघाडीनं वर्षानुवर्षं सत्तेची गणितं मांडली. गावोगावच्या ग्रामपंचायतींत पक्षाचं चिन्ह चालतच नाही, तिथं पॅनेल असतं. कायद्यानंही हा शब्द तसाच उचलला आहे. १९८६ साली महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी अनर्हतेचा कायदा झाला, पक्षांतर रोखण्यासाठी. त्याच्या इंग्रजी मजकुरातसुद्धा ‘आघाडी’ हा मराठी शब्द जसाच्या तसा आहे. स्थानिक निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेल्या माणसांचा गट, असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा मी ते वाचलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! तालमीच्या माडीवरच्या आमच्यासारख्यांची दखल कुणीतरी कायद्यात घेतली होती.

आणि हे फक्त गल्लीपुरतं नाही. २००९ ची लोकसभा आठवा. जिल्ह्यातल्या दोन्ही मतदारसंघांनी मोठ्या पक्षांना बाजूला ठेवलं. कोल्हापुरातून सदाशिवराव मंडलिक अपक्ष म्हणून निवडून आले आणि हातकणंगल्यातून स्वाभिमानी पक्षाचे शेतकरी नेते राजू शेट्टी. शेट्टी त्याआधी २००४ ला शिरोळमधून अपक्ष आमदार झालेले. ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत त्यांच्यासाठी शेतकऱ्यांनी मताबरोबर पैसाही दिला होता. माझ्या माहेरी, शिरोळ तालुक्यात, वडलांनी घडी घातलेली नोट खिशातून काढून डब्यात टाकली होती, ती मला अजून दिसते. घरात तेव्हा उसाचं बिल आलेलं नव्हतं. आई काही बोलली नाही. मत देणं म्हणजे नुसतं बोटाला शाई नव्हे, खिशालाही थोडी झळ लागली पाहिजे, हे मी तिथं शिकले.

पण एक भेद मला स्पष्ट करायचा आहे. अपक्ष हा शब्द दोन अगदी वेगळ्या माणसांना लावला जातो. एकाला पक्षानं तिकीट नाकारलेलं असतं. त्याच्याकडं यंत्रणा असते, गाड्या असतात, संस्था असतात, फक्त चिन्ह नसतं. निवडून आला की तो आल्या वाटेनं परत जातो किंवा दुसरं घर बघतो. दुसऱ्या माणसानं तिकीट कधी मागितलेलंच नसतं. त्याला पेठेनं उठवून उभं केलेलं असतं. मतपत्रिकेवर दोघांची ओळख एकच, अपक्ष. मतदारानं त्यांना वेगळं ओळखायचं कसं? ‘पुरस्कृत’ या शब्दाची गरज मला इथं वाटते. पण त्याच्या आधी कुणाचं नाव आहे आणि ती माणसं कोण आहेत, हे मतदाराला तोंडओळखीनं ठाऊक असेल तरच त्या शब्दाला काही किंमत.

माझा मामेभाऊ ऑस्ट्रेलियात असतो. आमच्या आघाडीचं ऐकून त्यानं मला व्हिक्टोरिया राज्यातल्या इंडी नावाच्या मतदारसंघाची हकीकत सांगितली. तिथं काही गावकऱ्यांनी उमेदवार ठरवायच्या आधी घरोघरी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? मग कॅथी मॅकगोवन अपक्ष उभ्या राहिल्या आणि २०१३ साली विद्यमान खासदाराला ४३९ मतांनी हरवून निवडून आल्या. २०१९ ला त्या थांबल्या, तर त्याच लोकांमधून हेलन हेन्स पुढं आल्या आणि त्याही अपक्ष म्हणून जिंकल्या. अपक्षामागून अपक्ष. माणूस बदलला, मागची माणसं राहिली. मी हे तात्यांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे आपल्यागतच की."

आमचं टेबल म्हणजे गंगावेशीतला दूधकट्टा. संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढतात, फेसाळ पेला हातात येतो आणि माणसं बोलायला लागतात. २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही तिथं आणि तालमीच्या पायरीवर, बायकांसाठी काकूंच्या ओसरीवर, चार महिने नुसते ऐकत बसलो होतो. चोपडीची मागची बाजू तेव्हा सुरू झाली. पुरुष रस्ता आणि पार्किंग बोलायचे. बायका पाणी, गटार आणि शाळेपुढच्या अंधाराबद्दल बोलायच्या. काकूंचं नाव कुणी सुचवलं असं झालंच नाही. ओसरीवर येणारी प्रत्येक बाई बोलून झाल्यावर शेवटी काकूंकडंच बघायची. त्या मात्र तयार नव्हत्या. "मला सभेत बोलाय येत न्हाई," म्हणायच्या. एका म्हातारीनं सांगितलं, "बोलाय कुणाला पायजे? तू इचारायचं. इचारणारं कुणी न्हाई तितं."

खर्चाबद्दल सांगायचा मोह मला आवरत नाही, कारण निवडणूक मी त्याच बाजूनं पाहिली आहे. उमेदवाराला रोजचा खर्च नोंदवावा लागतो. प्रशासन दरपत्रक देतं. चहाचा दर, वडापावचा दर, खुर्ची, मंडप, रिक्षा, हलगी, सगळ्याला भाव. कुणी फुकट दिलं तरी त्याची किंमत धरून लिहायची. पेठेतल्या एका रिक्षावाल्यानं सलग आठ दिवस रिक्षा दिली आणि दरपत्रकाप्रमाणं भाडं लिहू लागले तर तो माझ्यावर चिडला. "मी काय भाड्यानं आलोय व्हय, ताई?" त्याची समजूत काढायला अर्धा तास गेला. कुणाच्या घरून भडंगाचा डबा यायचा, कुणाच्या घरून पोहे. तेही सगळं चोपडीत. रात्री अकराला मी बेरीज करायची आणि काकू समोर बसून प्रत्येक ओळ वाचायच्या. कपड्याचं माप घ्यावं तशा.

निवडणुकीच्या आदल्या रात्री पेठेत पाकिटं फिरली. कुणाची, ते मी लिहिणार नाही. मला आठवतं ते एवढंच, की आमची पोरं चौकात उभी होती, त्यांना सगळं दिसत होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. एकजण म्हणाला, "ताई, आता काय करायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तात्या म्हणाले, "झोपा. सकाळी सातला बूथवर पायजेत सगळी." आणि सकाळी सातला सगळी होती.

काकू हरल्या. दुसऱ्या क्रमांकावर होत्या आणि अंतर मोठं नव्हतं. निकालाच्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर इतक्या बायका जमल्या की चपला ठेवायला जागा उरली नाही. रडल्या त्या बायकाच. काकूंनी सगळ्यांना चहा केला, बशीत ओतून दिला.

जिंकल्यानंतर काय होतं, त्याचा घाव आम्ही आधीच सोसला होता. त्याआधीच्या एका निवडणुकीत आमचा पुरस्कृत उमेदवार निवडून आला होता. गुलाल उधळला, तालमीत पेढे वाटले. निकालानंतर महिन्याभरात गट किंवा आघाडी नोंदवायची मुभा असते, आणि तो महिना म्हणजे अपक्षाची परीक्षा. समित्यांवरच्या जागा आणि स्वीकृत सदस्य सभागृहातल्या संख्याबळावर ठरतात, त्यामुळं एकेका माणसाचा हिशेब होतो. २०१५ चंच बघा. ८१ च्या सभागृहात बहुमताला ४१ लागत होते आणि काँग्रेसचे २७ व राष्ट्रवादीचे १५ मिळून झाले ४२. एवढ्या बारीक फरकावर शहराची सत्ता उभी असते तेव्हा सुट्या माणसाला कुणी सुटा ठेवत नाही. आमचा तो नगरसेवक दहाव्या दिवशी एका गटात गेला. आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. मी त्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोनं पाणी दिलं, तो आतून बाहेर आला नाही. त्याच्यासाठी मी किती रात्री हिशेब लिहिला होता, हे त्या माऊलीला माहीत होतं. तिनं मान खाली घातली होती.

मला त्याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग मला आमचा आला. आम्ही त्याला निवडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागलो. त्या महिन्यात त्याच्या शेजारी बसायला हवं होतं. मोठी माणसं त्याला बोलावत होती, गाडी पाठवत होती, तो आयुष्यात कधी गेला नव्हता अशा ठिकाणी नेत होती, आणि त्याच्याबरोबर पेठेतलं कुणी नव्हतं. कायद्यात पक्षांतराला शिक्षा आहे. पण एकटं पडलेल्या माणसाला सोबत देणारं कलम कोण लिहिणार?

मग २०२० आलं. नोव्हेंबरात महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. नगरसेवकच नाहीत असं शहर आम्ही पाच वर्षांहून जास्त काळ पाहिलं. सुरुवातीला काही जण म्हणाले, बरं झालं, भांडणं तरी मिटली. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा चढली तेव्हा कळलं. धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या महापुरालाही मागं टाकणारं. आमच्या भागात पाणी किती आलं ते फुटांत कुणी सांगत नाही, जामदार क्लबपर्यंत आलं, गायकवाड वाड्यापर्यंत आलं, असं सांगतात. त्या रात्री लोकांनी फोन कुणाला करायचा? नगरसेवक कसाही असो, रात्री दोनला त्याचं दार वाजवता येतं. प्रशासकाचं दार कुठं असतं, तेच पेठेला माहीत नव्हतं.

दार वाजलं ते काकूंचं, सहा वर्षांपूर्वी हरलेल्या बाईंचं. आमच्या मतदार यादीचा तेव्हा खरा उपयोग झाला. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठं बाळंतीण आहे, कुठं म्हातारी एकटी राहते, हे पेन्सिलच्या खुणांत होतं. तालमीच्या पोरांनी त्या यादीवरून घरं घेतली. फुटबॉलच्या हंगामात दुसऱ्या पेठेच्या नावानं एकमेकांचे घसे फोडणारी पोरं त्या रात्री गूळ करायच्या एकाच काहिलीत, नावेसारखं, बसून म्हाताऱ्यांना बाहेर काढत होती. कोरोनाच्या साथीचे दिवस होते, त्यामुळं छावणीतही भीती. काकू शाळेच्या वर्गात बसून जुन्या साड्यांचे तुकडे फाडून मास्क शिवत होत्या. मशीन त्यांनी आदल्या दिवशीच डोक्यावरून वर आणवलं होतं. घरातली दुसरी कुठलीही वस्तू त्यांनी हलवली नव्हती.

पंचनाम्याच्या वेळी चोपडीची मागची बाजू पुन्हा भरू लागली. कुणाचं नाव राहिलं, कुणाचं खातं चुकलं, कुणाचं घर निळ्या पूररेषेच्या आत असून भाडेकरू म्हणून वगळलं. काकू चोपडी घेऊन कार्यालयात जायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या. त्यांना खुर्ची कुणी दिली नाही. पण एकेक नाव सुटत गेलं.

आमचं शहर आंदोलनाला कमी नाही. सर्वपक्षीय कृती समिती ही कोल्हापूरची खासियत. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध आंदोलन झालं त्या वेळी वयाची ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील रस्त्यावर बसले होते, गोविंद पानसरे होते, आणि पेठापेठांतली माणसं पक्ष विसरून त्यांच्यामागं होती. २०१५ च्या अखेरीला टोल गेला, पण तो बघायला पानसरे नव्हते. त्याच फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या मोर्चांत चाललेल्या माणसांना मी निवडणुकीत परत आपापल्या गटात विखुरताना पाहिलं आहे. रस्त्यावरची एकी सभागृहात का पोचत नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही. मोर्चा एका दिवसाचा असतो. यादीवर खुणा करायला रोज कोण बसणार, असा तो प्रश्न आहे.

यावेळची निवडणूक आली ती नव्या रचनेत. शहराची हद्द १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून वाढलेली नाही, आजही ६६.८२ चौरस किलोमीटरच. आमचा वॉर्ड मात्र एकदम चौपट झाला. ८१ जागा, पण प्रभाग फक्त २०. एकोणीस प्रभागांत चार-चार नगरसेवक आणि एकात पाच. आमच्याकडं मतदारानं चार वेळा बटण दाबायचं. पाच-सहा हजारांच्या वस्तीत काकूंना सगळे ओळखत होते. वीस-पंचवीस हजारांत कोण कुणाला ओळखणार? मोठ्या पक्षाला सोपं, चारी जागांवर एकच चिन्ह. आमचे चार अपक्ष उभे राहिले तर चौघांची चार चिन्हं.

या एका गोष्टीवर तालमीच्या माडीवर तीन रात्री वाद झाला. तरुण पोरांचं म्हणणं, आघाडी राज्य निवडणूक आयोगाकडं रीतसर नोंदवू, सगळ्यांसाठी एकच चिन्ह मागू, चौघांना एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, देऊ. मीही त्यांच्या बाजूनं होते. हिशेब तपासून घेणं, आयकराचं विवरण भरणं हे मी केलं असतं. ते न केल्यानं आयोगानं पूर्वी कितीतरी पक्षांची नोंदणी रद्द केली आहे, पण आमची चोपडी चोख होती. अडचण दुसरीच होती. आघाडीचा अधिकृत उमेदवार निवडून आला की त्याला आघाडीचा व्हीप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा आदेश, लागू होतो. व्हीप मोडला तर पद जाऊ शकतं. म्हणजे ज्याला आम्ही कुणापुढं मान तुकवू नकोस म्हणून उभं करायचं, त्याची मान कायद्यानं आमच्या हातात येणार.

मी म्हटलं, "व्हीप काढायचाच नाही, तसा ठराव लिहून ठेवू."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता वयानं त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, तरी आल्या होत्या. म्हणाल्या, "आज तुमी हाय. उद्या ह्या खोलीत दुसरी येतील. त्येंच्या हातात दोरी द्याची कशाला? मानूस पळून जाऊ ने म्हनून बांधायचा आसंल तर मग आपल्यात आन् त्येंच्यात फरक काय ऱ्हायला?"

एक पोरगं तडकलं. "काकू, मागं एक पळालाच की."

"पळाला. म्हनून म्या काय सांगते, त्येच्यासंगं बसाय पायजे. बांधाय न्हवं."

हात वर करून मत घेतलं. चार चिन्हांच्या बाजूनं दोन हात जास्त पडले. मी चोपडीत तसं लिहिलं आणि खाली सही केली. त्या रात्री घरी येताना मला रडू येत होतं, कारण आपण हरणार हे मला आकड्यांत दिसत होतं.

तसंच झालं. चौघांपैकी एकही आला नाही. मतदानाच्या दुपारी केंद्राबाहेर एक आजोबा म्हणाले, "तुमची छत्री तेवढी घावली बघा, बाकीची तीन कुटं हायत ते काय दिसंना, मग दुसरंच दाबलं." असे कितीजण असतील? एकच चिन्ह असतं तर निदान एक जागा आली असती, असं मला आजही वाटतं. आणि काकू म्हणाल्या ते चूक होतं, असं मात्र मला अजून म्हणता आलेलं नाही. दोन्ही गोष्टी मी उराशी घेऊन वावरते.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यांनाही. चौघांचे चार संच मी करून नेले. टेबलापलीकडच्या मुलीनं पानं उलटून पाहिली, शिक्का मारला, पोच दिली. चारही पोचपावत्या मी चोपडीत चिकटवल्या. पुढच्या बाजूचं हे शेवटचं लिखाण. मागच्या बाजूनं तक्रारी आता नव्या प्रभागातल्या दुसऱ्या पेठांमधूनही यायला लागल्या आहेत. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन शहरात आली, पण आमच्या गल्लीच्या टोकाला पाणी अजून करंगळीएवढंच येतं, ही सगळ्यात ताजी. मधे कोरी पानं फार थोडी उरली आहेत आणि पाठीची शिवण उसवली आहे.

परवा चोपडी घेऊन काकूंकडं गेले. म्हटलं, आता नवीच आणू या. त्यांनी चष्मा लावला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि सुईदोऱ्याचा डबा पुढं ओढला. "जाड दोरा लागंल," म्हणाल्या. "बस जरा."